अवकाश असेल तर

कुसगावचा रतन गराडे जन्मभर बोलण्यावर जगला. लोणावळा स्टेशनाबाहेर त्याची जीप उभी असायची आणि पर्यटकांना पॉइंट दाखवत फिरवणं हा त्याचा धंदा. जीपवाले तसे पुष्कळ होते. पण रतनच्या जीपमध्ये एकदा बसलेली माणसं पुढच्या खेपेला त्यालाच शोधत यायची. धुक्यात दरी दिसेनाशी झाली की लोक हिरमुसायचे. मग रतन तोंड गंभीर करून सांगायचा, "आज दरी रजेवर आहे, तिच्या जागी बदली आलीय." हिंदीवाले एका अर्थाने हसायचे, मराठीवाले दुसऱ्या.

त्याच्या घशात गाठ निघाली तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला. श्वास आता गळ्याच्या भोकातून यायचा आणि त्यावर मलमलीचा रुमाल बांधलेला असायचा. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र आणून बघितलं, पण त्यातून निघणारी घरघर ऐकून शेजारची लेकरं घाबरली आणि रतनने ते कपाटात ठेवून दिलं. अन्ननलिकेत हवा गिळून ढेकरेसारखा आवाज काढायलाही शिकवतात. तेही त्याला जमलं नाही. जीप विकली. गावातल्याच एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये हाताने खुणा करून गाड्या लावून द्यायचं काम मिळालं. बाकीच्या पार्किंगवाल्यांसारखी शिट्टी त्याला वाजवता येत नव्हती, कारण फुंकरच तोंडापर्यंत पोचत नव्हती.

बायको अनिता त्याच्या ओठांवरून पाणी, भाकरी, पंखा एवढं ओळखायला शिकली. मुलगी अपेक्षा पुण्यात नोकरीला. वडील दिवसभर भिंतीकडे बघत बसतात हे कळल्यावर तिने आपल्या शाळेतल्या ज्योत्स्नाबाईंना विचारलं. बाई तळेगावला विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मोबाइलवर एक गप्पांचा ग्रुप चालवायच्या. नाव होतं 'अवकाश असेल तर'. वेळ असेल तर या आणि अंतराळाबद्दल बोला, असा दुहेरी मामला. अपेक्षाने वडिलांचा नंबर त्यात घालायला सांगितला. आजाराबद्दल ती बोलली नाही.

चांद्रयान चंद्रावर उतरलं ते दिवस होते. ग्रुपवर नुसती धमाल चालली होती. पहिले काही दिवस रतन गुपचूप वाचत राहिला. मग कोणीतरी विचारलं, प्लुटोला ग्रहांतून काढलं, तर आता त्याला म्हणायचं काय? रतनने लिहिलं, 'पूर्वग्रह.'

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. पुण्यातला एक इंजिनिअर, प्रज्ञेश, त्याने लिहिलं, 'हा कोण नवीन राक्षस आलाय?'

त्या दिवशी रतन कित्येक महिन्यांनी हसला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. अनिताला आधी वाटलं, ठसका लागला.

तिथून त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. ग्रुपवर सगळे काहीबाही विचारायचे. पावसाळ्यात चिक्की मऊ का पडते, दूध उतू जातं तसं पाणी का जात नाही, अंतराळात ढेकर का येत नाही. बाई नीट समजावून सांगायच्या, की तिथे वजनच नसल्यामुळे पोटातली हवा पाण्यापासून सुटी होत नाही. त्यांचं सांगून झालं की रतन टपकायचा. 'म्हणजे तिथे जेवण चांगलं झालं हे यजमानाला कळणार कसं?' निर्वात पोकळीवर चर्चा निघाली तर हा विचारायचा, पुढारी गेल्यावर कधीही भरून न निघणारी ती हीच का? प्रज्ञेश वैतागल्याचं सोंग करायचा. 'रतन्या, तुला सूर्याच्या कक्षेत नेऊन सोडला पाहिजे.' रतन लिहायचा, 'मी तिथेच आहे. तू कुठं राहतोस?'

शब्दाला शब्द लागायचा, त्याच क्षणी. जीपच्या आरशातून मागच्या सीटवरच्यांचे चेहरे बघत बोलण्यात जी मजा होती, तीच ही. इथे त्याला कोणी हळू बोलत नव्हतं, कोणी थांबून बघत नव्हतं. रतन्या म्हणत होते, शिव्या देत होते.

भारताचा अंतराळवीर अंतराळस्थानकावर राहून परत आला, त्या वर्षीच्या हिवाळ्यात प्रज्ञेशने टूम काढली. सगळ्यांनी एकदा भेटायचं. संध्याकाळी स्थानक डोक्यावरून जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसतं, ते बघायला लोणावळ्यासारखी जागा नाही, आणि रतन्या तिथलाच. जागा त्याने ठरवावी.

रतनने मोबाइल अनितापुढे धरला. तिने वाचलं.

"आदी सांगून टाका त्यास्नी," ती म्हणाली. "तितं गेल्यावर कळलं तर त्यांचा बी जीव कसनुसा व्हईल."

रतनने मान हलवली. नाही. दोन-तीनदा त्याने मजकूर लिहिला आणि खोडला. आपण जे आहोत ते त्या लोकांना पुरेसं माहीत आहे असं त्याला वाटत होतं. गळ्याचं एवढं काय, बघतील आणि विसरतील.

कुसगावच्या वरच्या माळावर, दिव्यांचा उजेड लागणार नाही अशी जागा त्याने हेरली. ठरल्या रविवारी नवा शर्ट घालून, धुतलेला रुमाल बांधून तो लवकरच जाऊन थांबला. दोन गाड्या आल्या. ज्योत्स्नाबाई उतरल्या, आणखी सात-आठ जण उतरले, आणि एक उंच, दाढीवाला तरुण हात पसरत थेट त्याच्याकडे आला.

"रतन्या! बोल, बोल, आधी तोंडाने एक कोटी ऐकव."

रतनने तयार ठेवलेला मजकूर पुढे केला. 'ऑपरेशनमध्ये आवाज गेला. बाकी माल शाबूत आहे.'

प्रज्ञेशने वाचलं. त्याचे हात खाली आले. मोबाइल हातोहात फिरला आणि ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तेच उमटत गेलं, जे रतनने गेली काही वर्षं प्रत्येक ओळखीच्या माणसाच्या तोंडावर पाहिलं होतं. एक बाई डोळे पुसायला लागल्या.

"दादा, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?" प्रज्ञेश म्हणाला. मोठ्याने आणि तोडून तोडून म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसं.

माणसं वाईट नव्हती. त्यांनी त्याला खुर्ची दिली, थर्मासमधला पहिला चहा दिला. मग हळूहळू गप्पा सुरू झाल्या आणि तिथेच सगळं हातातून गेलं. कोणीतरी काही बोलायचं, रतनच्या डोक्यात उत्तर लखकन यायचं, तो टाइप करायला घ्यायचा, आणि मान वर करेपर्यंत विषय तिसरीकडे पोचलेला असायचा. स्थानकावर सगळं तरंगतं यावर बोलणं निघालं. रतनने घाईघाईने लिहिलं, 'म्हणजे तिथं कुणाच्याच शब्दाला वजन नाही', आणि मोबाइलमधलं वाचून दाखवणारं बटण दाबलं. एका बाईच्या सपाट, यांत्रिक आवाजाने ते वाक्य रेल्वेच्या सूचनेसारखं म्हणून टाकलं. सगळे थांबले. कशाबद्दल आहे ते लक्षात यायला वेळ लागला. मग ते हसले, स्नेहसंमेलनात लहान मुलाला हसतात तसे, आणि एकाने टाळ्या वाजवल्या.

सूर्य बुडून आकाश जांभळं झालं होतं. ज्योत्स्नाबाईंनी पश्चिमेला बोट दाखवलं. एक ठळक ठिपका डोंगरामागून वर आला आणि न लुकलुकता सरकू लागला. त्यात माणसं आहेत, या कल्पनेनेच सगळे गप्प झाले. रतनला त्याच क्षणी असं काही सुचलं की त्याच्या अंगावर काटा आला. आजवरच्या सगळ्यांत ते भारी होतं. तो मोबाइलवर वाकला. थंडीने बोटं आखडली होती, अक्षरं चुकत होती. एक शब्द दोनदा खोडावा लागला. वाक्य पुरं करून त्याने वर बघितलं, तेव्हा आकाशात नुसत्या चांदण्या होत्या. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासं झालं होतं.

"बघितलंत ना, दादा?" बाईंनी विचारलं.

त्याने मान डोलावली आणि लिहिलेलं पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ग्रुप तोच राहिला नाही. रतनने काहीही लिहिलं की जोडलेले हात यायचे, फुलं यायची. 'सलाम तुमच्या जिद्दीला.' 'तुमच्याकडून शिकावं.' त्याने मुद्दाम एक अगदी टुकार कोटी टाकली, कोणीतरी शिवी देईल म्हणून. प्रज्ञेशने लिहिलं, 'अप्रतिम, दादा.'

त्याच आठवड्यात कोणीतरी माळावरचा त्याचा फोटो, रुमालासकट, चार प्रेरक ओळी जोडून पुढे पाठवला. फिरत फिरत तो कुसगावात आला. हॉटेलच्या मॅनेजरने पार्किंगमध्ये येऊन रतनच्या पाठीवर थाप मारली आणि गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांना दाखवलं, हाच तो.

रतनने प्रज्ञेशला एकट्याला निरोप पाठवला. 'त्या दिवशीची कोटी बंडल होती. तसं म्हण की. पूर्वीसारखा रतन्या म्हण.'

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. 'प्रयत्न केला, दादा. पण आता लिहायला गेलं की तुमचा गळा डोळ्यांसमोर येतो. माफ करा.'

त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून रतनला रागही धरता येईना. तो ग्रुपमधून बाहेर पडला. दुसऱ्या एका मोठ्या ग्रुपमध्ये वेगळ्या नावाने शिरून बघितलं. पण तिथे हजारो माणसं होती, निरोपांचा नुसता लोंढा, आणि त्याचं वाक्य उमटेपर्यंत वाहून गेलेलं असायचं. थोड्याच दिवसांत त्याने तेही सोडलं. ज्योत्स्नाबाईंचे अनिताला दोन-तीन फोन आले. बरे आहेत, एवढंच तिने सांगितलं.

परवा जेवताना टीव्हीवर बातमी लागली होती, कुठल्याशा रॉकेटचं उड्डाण पुढे ढकललं म्हणून. रतनचे खांदे किंचित हलले. त्याने अनिताकडे वळून ओठ हलवले. ढकलूनसुद्धा चालू होत नाही म्हणजे आपल्या जीपचंच इंजिन असणार, असं काहीतरी.

"काय?" ती म्हणाली. "परत सांगा."

त्याने परत, सावकाश सांगितलं. ती जेवायची थांबून त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. चेहरा कसनुसा झाला होता तिचा, इतका ती जीव लावून बघत होती.

"डाळ पायजे व्हय?"

रतनने तिच्याकडे बघितलं, मान डोलावली आणि ताट पुढे केलं.