कॅमेऱ्याखालून

सकाळी आमची रोजची मीटिंग असते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे काही अडलंय का, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. मी ते जेवणाच्या टेबलावरून सांगते, कारण ऑफिस आता घरातच आलंय.

त्याच सुमाराला आई पूजा आटोपून माझ्या पाठीमागून स्वयंपाकघरात जाते. घंटा ती हल्ली वाजवतच नाही. जाताना पदर आवरते, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवते आणि अर्धी वाकून पुढे सरकते. सिनेमा सुरू झाल्यावर आलेला माणूस अंग चोरत खुर्ची शोधतो ना, तशी. स्वतःच्या घरात.

सुरुवातीला मीच वैतागून म्हटलं होतं, "आई, मागून जाऊ नकोस गं, सगळ्यांना दिसतेस!" पुढे आम्ही सगळ्यांनीच कॅमेरे बंद ठेवायला सुरुवात केली. आता पडद्यावर नुसती नावं बोलतात. हे तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय? दोन्ही वेळा समोरासमोर बसून जेवतो आम्ही!

आज माझी पाळी आली. "काही अडलंय?" प्रमुखांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं, आणि मागे तिचा गुडघा कट्कन वाजला.

मीटिंग संपली. ओट्याला धरून आई सरळ झाली आणि हळूच म्हणाली, "दिसले नाही ना गं कुणाला?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच होतं ते. कॅमेरा बंद होता, आणि मी पडद्याकडे बघत होते.