वरचा बोल्ट

आमच्या घरात ढिला नट म्हणजे गुन्हा. शेतात सगळंच हादरतं. ट्रॅक्टर हादरतो, पेरणी यंत्र हादरतं, फवारणीचा पंप हादरतो, आणि एखादा नट गळून पडला की ऐन कामाचा दिवस वाया. म्हणून आमचे हे दिसेल त्या नटाला पान्हा लावतात, पान्ह्याला लोखंडी पाइप चढवतात आणि त्यावर अंगाचं सगळं वजन टाकतात. मी लग्न होऊन आले तेव्हा कुकरच्या दांड्याचा स्क्रूसुद्धा असा आवळलेला होता, की तो आजवर कोणाच्यानं निघालेला नाही.

मी मारेगावात शाळेत विज्ञान शिकवते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी रेसर सायकल घेतली, नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडून. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. पहिले आठ दिवस गल्लीची फुकट करमणूक झाली. सासूबाईंनी तर सीटकडे पाहून विचारलं, की एवढीशीच का, बाकीची कुठं गेली? हसा म्हटलं. सकाळी शाळेआधी वणीच्या रस्त्याला लागलं, दोन्हीकडे पऱ्हाटी आणि तूर, की तो तासभर फक्त माझा असायचा. कोणाची वही तपासायची नाही, कोणाचा डबा भरायचा नाही. एवढी खुशी मला लग्नातही झाली नव्हती, आणि हे मी यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

वर्षभरानं मी पडले. पेट्रोल पंपाजवळच्या वळणावर, अगदी सावकाश जाताना, हँडल मधल्यामध्ये अडकलं. वळवायला गेले तर वळेना, जोर लावला तर एकदम जास्तच वळलं, आणि मी रस्त्यावर आडवी. मागून राजूरकडचा कोळशाचा ट्रक येत होता. त्यानं वेळेवर ब्रेक मारला, म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे. मनगट मोडलं. हे धावतच दवाखान्यात आले. आल्या आल्या एवढंच म्हणाले, की सायकल विकून टाकू. दुखत होतं, भीतीही बसली होती, मी विका म्हणून मोकळी झाले. यांनी फोनवर फोटो टाकला. यवतमाळचे एक बँकेतले गृहस्थ तयार झाले. प्लास्टर निघाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ते सायकल न्यायला येणार, असं ठरलं.

प्लास्टर निघालं आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. सकाळ व्हायची, सायकल भिंतीला टेकलेली, मी पोळ्या लाटतेय. मी यांना म्हटलं, मी उगाच पडले नाही, सायकलीत काहीतरी बिघाड आहे, तो काढला तर ठेवायची का? हे तरुणपणी कॉलेजात जाताना दोन्ही हात सोडून सायकल चालवायचे, त्याची खूण हनुवटीवर अजून आहे. विषय संपवायला म्हणून बोलले, "मंग दोन्ही हात सोडून चालवून दाखव. तेव्हा पाहू." यांना वाटलं, झालं, बाई आता गप बसते. मी म्हटलं ठरलं. सासूबाई साक्षीला होत्या.

पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं तर ते सरळ रेषेत आलं की खट्‌कन खाचेत बसायचं. दुसऱ्याच दिवशी सायकल ऑटोत टाकून वणीला नेली. तिथले मिस्त्रीचाचा आयुष्यभर काळ्या सायकली दुरुस्त करत आलेले, पण हात असा, की नुसतं चाक फिरवून दुखणं सांगतील. त्यांनी हँडल काढलं, पुढचं चाक धरणारा चिमटा खाली ओढून घेतला. आपल्या साध्या सायकलीत तिथं सुटे छर्रे असतात. हिच्यात वर एक आणि खाली एक, अशी दोन बंद बेअरिंगं निघाली. खालचं बेअरिंग चाचांनी बोटावर घेऊन फिरवलं. ते फिरेना, अडखळत होतं.

"मॅडम, हे घिसलं नाही, दबलं आहे," चाचा म्हणाले. "कोणीतरी वरून लय ताकदीनं कसलं."

मी म्हटलं कोणी हात नाही लावला. चाचांनी ते बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. नवीन बेअरिंग त्यांच्याकडे नव्हतं. शेजारच्या बेअरिंगच्या दुकानदारानं ट्रॅक्टरच्या मालातून एक काढून दिलं आणि म्हणाला, दोन पॉइंटचा तर फरक आहे, हातोडीनं ठोका, बसते. चाचांनी ते त्याच्या हातात परत ठेवलं. ठोकून बसवलं तर फ्रेमच फाटेल, मॅडम, बरोबर मापाचं मागवा, असं त्यांनी मला बजावलं.

आता माप! बावीस वर्षं मी पोरांना व्हर्नियर कॅलिपर शिकवते. गोळीचा व्यास मोजा, नळीचा व्यास मोजा, वहीत लिहा, मार्क घ्या. त्या दिवशी प्रयोगशाळेत एकटी बसून जुनं बेअरिंग कॅलिपरच्या जबड्यात धरलं, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर खरंच पाहिजे होतं. एक्केचाळीस दशांश आठ मिलिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. मी अशी फुगले, की विचारू नका. घरी येऊन फोनवर त्याच मापाची जोडी मागवली.

चार दिवसांनी पार्सल आलं, ते घेऊन मी चाचांकडे गेले, सायकल तिथंच खोललेली होती. बेअरिंग फ्रेमच्या खोबणीत हातानं अलगद बसलं. पण त्याच्याखाली चिमट्याच्या मुळाशी जी पातळ कडी असते, ती त्याला नीट टेकेना. चाचांनी ती जोडी उजेडासमोर धरली आणि मधली फट मला दाखवली. व्यास बरोबर होता, आतला उतार वेगळा होता. जुनं बेअरिंग रॉकेलनं घासलं तर त्याच्या कडेवर उताराच्या अंशांचे आकडे होते, पंचेचाळीस आणि पंचेचाळीस. माझ्या नवीन जोडीवर छत्तीस आणि पंचेचाळीस. माझं डोकं सणकलं, पण भांडायचं कोणाशी? प्रश्न दोनदा वाचा म्हणून वर्गात घसा कोरडा करणारी बाई मीच. रविवार आठ दिवसांवर आला होता. लगेच दुसरी जोडी मागवली, या खेपेला कडीसकट, आणि खोललेली सायकल घरी आणली, आता जोडणार मीच.

ती शुक्रवारी आली. डब्यात चित्रांची एक चिठ्ठी होती. तिच्यात स्पष्ट होतं, की हँडलची पकड बाजूच्या दोन बोल्टांवर असते, वरचा बोल्ट फक्त खुळखुळ घालवण्यापुरता, दोन बोटांनी फिरवायचा. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि चाचांचं बोलणं आठवलं. हँडल जड लागायला लागलं होतं ते दिवाळीपासून, आणि मी समजत होते माझेच खांदे आखडले. अंगणात हे पान्ह्याला पाइप लावून फवारणीच्या पंपाचे नट आवळत बसले होते.

मी चिठ्ठी पुढं धरली आणि विचारलं, "सायकलीचा वरचा बोल्ट तुम्ही कसलात का?"

यांनी पान्हा खाली ठेवला. "हो, मीच कसला. बोल्टाच्या चावीले पाइप लावून कसला. तू त्या ट्रकच्या रस्त्यानं जायची. हँडल निंघून हातात आलं असतं तर?"

मला असा संताप आला, की तो पंप उचलून विहिरीत टाकावा. मी पडले, हात मोडला, सायकल विकायला निघालो, आणि सगळ्याचं मूळ हा पाइप! तोंड उघडलं आणि एकदम रडायलाच आलं. या माणसानं मी पडू नये म्हणून मला पाडलं होतं. हे बिचारे चिठ्ठीतलं चित्र उलटंसुलटं करून पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, की रविवारचा माणूस तर येणार, त्याला शब्द दिला आहे. मी डोळे पुसले आणि म्हटलं, तुम्हीही मला शब्द दिला आहे.

शनिवारी शाळा अर्धी होती. दुपारी अंगणात सतरंजी टाकली आणि बसले. जुनी कडी चिमट्यावरून हातोडीचे हलके ठोके मारत काढली. नवी कडी सगळीकडून सारखी बसावी लागते. त्यासाठी स्प्रिंकलरच्या पाइपाचे तुकडे घालून पाहिले, तिसरा बरोबर निघाला, त्याच्यावरून तीन ठोके मारले. ग्रीस लावलं, खालचं बेअरिंग, चिमटा, वरचं बेअरिंग, झाकण, हँडल. पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली तर खुळखुळ! दोनदा खोललं, दोनदा जोडलं, तरी तेच. घामानं आणि ग्रीसनं माझं तोंड काळं झालं. हे दाराशी उभे होते, हात पाठीमागं धरलेले. इतका वेळ या माणसानं पान्ह्याला हात लावला नव्हता, यातच सगळं आलं.

"हे काय राह्यलं?" यांनी रॉकेलच्या बशीकडे बोट दाखवलं. वरच्या बेअरिंगवर बसणारी, एका जागी मुद्दामच कापलेली रिंग मी धुवायला टाकली होती आणि तिथंच विसरले होते.

ती घातली. वरचा बोल्ट दोन बोटांनी फिरवला, खुळखुळ गेली तिथं थांबले. मग हँडल सरळ करून बाजूचे दोन बोल्ट आवळले. हँडल लोण्यातून फिरल्यासारखं फिरलं. एवढंच का, असं यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच.

रविवारी बँकवाले गृहस्थ सकाळीच हजर, हेल्मेट हातात. मी म्हटलं, थांबा, आधी माझा एक फेरा. मारुतीच्या देवळापासून आमच्या फाटकापर्यंत रस्ता सरळ आहे. देवळापाशी सायकल वळवली तेव्हा मनगट ठणकत होतं आणि मला चांगलीच भीती वाटत होती. वेग घेतला. आधी डावा हात सोडला. मग उजवा. सायकल जराही डगमगली नाही. जशी सोडली तशी सरळ निघाली. मी पाठ ताठ केली, दोन्ही हात वर केले आणि फाटकासमोरून, यांच्यासमोरून, सासूबाईंसमोरून, गल्लीतल्या सगळ्या हसणाऱ्यांसमोरून तशीच पुढं गेले. जिंकले बाप्पा, जिंकले! त्या क्षणी मी अठरा वर्षांची होते.

परत आले तर बँकवाले खूश. म्हणाले, मस्त पळते, मी आत्ताच घेऊन जातो.

"माफी असावी, आता नाही देत," हे म्हणाले. "तिची आहे ते सायकल. चहा घेऊन जा."

त्यांनी चहा घेतला आणि मिस्त्रीचाचांचा पत्ता घेऊन ते गेले. यांनी पाइप माळ्यावर टाकला, निदान मला तसं सांगितलं. त्या बोल्टाची चावी मात्र मी तेव्हापासून माझ्या पर्समध्ये ठेवते.