माळकऱ्याच्या परसातलं खुराडं

माझे सासरे माळकरी होते. कुणी अंड्याचं नाव काढलं तरी उठून चूळ भरायला जायचे. आणि मी तिकोणा किल्ल्याखालच्या पेठेची, जिथं आमच्या घरात कोंबड्या माणसांच्या अंगावरून फिरायच्या. लग्न ठरताना सासरहून निरोप आला होता, "पोरीला म्हनावं, हितं कोंबडं-अंडं इसरायचं." मी विसरले नाही, फक्त गप्प बसले. आणि गप्प बसणं मला किती जड जातं हे माझ्या माहेरी अजून सांगतात.

सासर बेडशाला, लेण्यांच्या डोंगराखाली. आमचे मालक लोणावळ्याला रेल्वेत कामाला, आठवड्यातून एकदा घरी यायचे. एरवी घरात आम्ही तिघंच. सासूला मी आत्याबाई म्हणायचे आणि सासऱ्यांना मामंजी. म्हणायचे म्हणजे दुसऱ्यांशी बोलताना, कारण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत. ते आत येताना दारात खाकरायचे, मी पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायचे. भाकरी वाढली की मी म्हणायचे, "आत्याबाई, मामंजींना म्हनावं, ताट वाढलंय." मामंजी तिथंच, दोन हातांवर. तरी आत्याबाई त्यांना सांगायच्या, "अवो, ताट वाढलंय." मग ते म्हणायचे, "तिला म्हनावं, आलो." चार वर्षं आम्ही दोघं आत्याबाईंच्या तोंडानं बोललो. त्यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. हसू मात्र यायचं.

चौथ्या वर्षी चैत्रात आत्याबाईंना मुदतीचा ताप आला. एकदा उतरला आणि पुन्हा उलटला. वैशाखात त्यानं पाठ सोडली तेव्हा बाईचं पार चिपाड झालं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेलेली. अंबाडा घालायला, दुखतंय कुठं ते न लाजता सांगायला मला या बाईनं शिकवलं होतं. ती जाईल या विचारानं मी रात्री उठून तिचा श्वास बघून यायचे. वडगावचे डॉक्टर बैलगाडीतून आले, नाडी बघितली आणि मामंजींना म्हणाले, "रोज एक ताजं अंडं, दुधात फेटून. नाहीतर हिला पावसाळा जड जाईल."

मामंजी दिवसभर ओट्यावर बसून राहिले. गळ्यातल्या माळेचे मणी बोटांनी फिरवत होते. गावातली अंडी तर पाट्या भरून तुंगार्लीच्या बंगल्यांकडं जायची, तिथं हवा खायला आलेल्या लोकांना ती हवी असायची. आणि रोज दुसऱ्याच्या दारात अंडं मागायला उभं राहणं मामंजींच्यानं झालं नसतं. दुसऱ्या दिवशी ते उठून कामशेतच्या बाजाराला गेले आणि तीन कोंबड्या घेऊन आले. खांद्यावर लांब काठी, काठीच्या मागच्या टोकाला डालगं, त्यात कोंबड्या, आणि मामंजींचं तोंड दुसरीकडं. वेशीपासून घरापर्यंत लोक हसत होते. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही.

पहिलं अंडं मी दुधात फेटलं तर आत्याबाईंनी तोंड फिरवलं. माळकऱ्याच्या घरात असलं काही खायचं नाही म्हणाल्या. तेव्हा मामंजी दारातून बोलले, "दवा हाय. दव्याला इटाळ नसतो." आत्याबाईंनी डोळे मिटून पेला रिकामा केला.

पण विटाळ नसतो म्हणणारा माणूस खुराडं बांधायला गेला तो परसाच्या पार टोकाला, बांबूच्या बेटापलीकडं. दारात तुळस होती ना! तुळशीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. दगड-मातीत बांधलं, वर फरशी टाकली, पुढं कमान काढली. लांबून बघणाऱ्यानं हात जोडले असते इतकी सुरेख देवळी झाली होती. चौथ्या दिवशी सकाळी तिच्यापुढं पिसं पडलेली. रानमांजरानं बुडातली माती उकरून एक कोंबडी नेली होती, आणि घरात कुणाला आवाजसुद्धा आला नव्हता.

मला कोंबड्यांचं सगळं कळत होतं आणि मामंजींना काहीच कळत नव्हतं. पण सांगणार कशी? आत्याबाईंना दोन शब्द बोलले तरी धाप लागायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! शेवटी मी उरलेल्या दोघींपुढं कण्या टाकत बसले आणि त्यांनाच म्हणाले, "बायांनो, तुमी पडला लांब. मांजार आलं तर हाका कुनाला मारनार? आमच्या पेठंत कोंबड्या चुलीमागल्या भितीला असत्यात, आन् जिमिनीपासनं कंबरंइतक्या उंच."

मामंजी जवळच कोयत्याला धार लावत होते. मान वर केली नाही. जरा वेळानं कोयत्याला म्हणाले, "कंबरंइतकं कशाला? मांडीइतकं बास."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. आमच्याकडं कोंबडीला बोले, सासऱ्याला लागे असं सुरू झालं.

दुसरं खुराडं स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीजवळ आलं, मधे माणूस जाईल एवढीच वाट सोडून. ऐनाचे चार खांब, मांडीइतके उंच. तळाला बांबूच्या कांबी थोड्या विरळ बसवलेल्या, म्हणजे घाण खाली पडावी. चारी बाजूंनी कारवीच्या काटक्यांचा कुड आणि वर भाताचा पेंढा. बसायला त्यांनी आत चांगली रुंद फळी टाकली होती. मी कोंबड्यांना म्हटलं, "फळीवर का तुमचा पाय बसतो? धरायला गोल दांडी पायजे." दुसऱ्या दिवशी फळी गेली होती आणि तिथं बांबू आला होता, पेरं तासून गुळगुळीत केलेला. मामंजींना आता त्यात गोडी लागली होती. भजनाहून आले की आधी परसात जाऊन खुराड्याभोवती एक फेरी मारायचे. रोज अंडं मिळत होतं आणि आत्याबाई उशाला टेकून बसू लागल्या होत्या.

मग पाऊस जवळ आला आणि आम्ही माती खाल्ली. आम्ही म्हणजे दोघांनीही.

मावळात पावसाळ्याआधी घराचे कुड शेणामातीनं गच्च लिंपतात. न लिंपून चालतच नाही, वाऱ्याबरोबर पाऊस आडवा आत येतो. मामंजींनी खुराडंही तसंच लिंपलं, आतून बाहेरून, पार वळचणीपर्यंत. तळाच्या कांबींवरही पेंढा दाबून बसवला, एक बोट आत जाईल एवढी फट ठेवली नाही. माणसाला जे लागतं ते कोंबडीला लागतं हा त्यांचा हिशेब. मी बघितलं आणि म्हटलं, "बायांनो, आता तुमी वारा कुटनं घेनार?"

तेव्हा मामंजी शेणाच्या पाटीवर खेकसले, "कोंबड्यांनी लय शानपन शिकवू ने! साठ पावसाळं बघितल्यात म्या."

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. मी मनात म्हटलं, बरं, बघा मग तुमचे साठ पावसाळे. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावून कण्या टाकू लागले.

आषाढात आठवडाभर सूर्य दिसला नाही. खुराड्याचं दार उघडलं की आतून ओली वाफ यायची आणि डोळे चुरचुरायचे. कोंबड्यांच्या नाकाला पाणी सुटलं, घशात घरघर लागली. अंडं आधी एक दिवसाआड झालं, मग बंदच. गावात फिरून मी दोन अंडी आणली, पुढं तीही मिळेनात. आठ दिवस दूध नुसतंच गेलं. आत्याबाईंची मान पुन्हा उशीवर ठरेना, पेज ओठांच्या कडेनं गळू लागली. नवव्या दिवशी त्या भिंतीकडं तोंड करून निजल्या आणि मी हाक मारली तरी वळल्या नाहीत. मी हातात पेजेची वाटी घेऊन तशीच बसले. ही बाई माझ्या फुगून बसण्यापायी चालली आहे, हे मला तेव्हा कळलं. आजही ते आठवलं की मान खाली जाते.

मी वाटी ठेवली, खुरपं उचललं आणि भर दुपारच्या पावसात परसात गेले. वळचणीखालचं लिंपण खरवडायला लागले. ढेकळं निघून अंगावर पडत होती. मामंजी डोक्यावर इरलं घेऊन धावत आले.

"तिला म्हनावं..." ते सवयीनं बोलून गेले आणि थांबले. म्हणायला तिथं कुणी नव्हतंच.

मी वळले. डोक्यावरचा पदर पावसानं कधीच खाली आला होता. "मामंजी," मी म्हणाले, "जीव गुदमरतोय त्येंचा. वरच्या अंगाला इतभर उगडं पायजे. खालनं वारा लागू ने, पर वरनं गेला पायजे. मला ठावं हुतं. रागापायी म्या गप ऱ्हायले. चुकलं माझं."

आता हे ओरडतील, मालकांना सांगतील, मला माहेरी धाडतील, असं सगळं एका दमात मनात येऊन गेलं. मामंजी इरल्याखाली उभे होते. मग त्यांनी मला विचारलं, कोयत्याला नाही, पाटीला नाही, मला. "कुन्या अंगाला उगडायचं?"

"तिन्ही अंगांस्नी. पश्चिमंला नगं, तितनं पाऊस येतो."

त्यांनी माझ्या हातातलं खुरपं घेतलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तिथं होतो. तीन बाजूंनी वळचणीखाली वीतभर लिंपण काढलं, मांजर शिरू नये म्हणून त्या जागी बांबूच्या कांबी उभ्या बांधल्या. पश्चिमेला पेंढ्याचा झाप टांगला. "ह्ये धर." "जरा वर घ्या." "सुंभ आन आतनं." "तुमी सोडू नगा, मी आलेच." एकदा तर मी चक्क "तसं न्हवं वो!" म्हणून ओरडलेसुद्धा. त्या संध्याकाळी आत्याबाईंनी आपण होऊन वाटीभर पेज मागितली. मला वाटलं, देवाला दया आली.

कोंबड्यांची घरघर हळूहळू कमी झाली. पाच-सहा दिवसांनी मी चुलीपाशी होते तेव्हा मामंजी मागच्या दारातून आत आले. उघड्या तळहातावर अंडं होतं. त्या हातानं त्यांनी जन्मात अंडं धरलं नव्हतं. "सूनबाई, ह्ये घे," म्हणाले, "अजून ऊन हाय." मी दोन्ही हातांनी घेतलं. मग मात्र ते चूळ भरायला गेले.

श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला तेव्हा आत्याबाई भिंत धरत मागच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. मी पाठीला घोंगडं दिलं. समोर खुराडं होतं, त्यांनी पहिल्यांदाच बघितलेलं. पण त्या बघत होत्या माझ्याकडं.

"त्या दिशी तुमी दोगं हितं भांडत हुता, ते म्या आतनं ऐकलं."

"भांडत न्हवतो, आत्याबाई. खुराडं उगडत हुतो."

"काय बी आसंल." त्या थोडा वेळ धाप जिरवत बसल्या. "मला मरनाचं भ्या न्हवतं, पोरी. योकच घोर हुता. म्या गेले तर तुमी दोगं येकमेकांस्नी भाकर कशी इचारनार? ह्ये उपाशी बसतील आन् तू भितीकडं तोंड करून रडशील. ऱ्हाऊन ऱ्हाऊन त्योच इचार. अन्नच जाईना." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्या दिशी तुमचा आवाज ऐकला. म्हटलं, चला, आता जायाला हरकत न्हाई. आन् बग, तवाच मला भूक लागली."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. परसातून मामंजींनी विचारलं, "सूनबाई, काय झालं गं?"

"काय न्हाई, मामंजी," मी म्हणाले.