गळ्यातला पेनड्राइव्ह

लोकांच्या गळ्यात ताईत असतो, त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह असायचा. अंघोळीलाच काय तो काढत असेल. म्हणून आमच्याकडे सगळे त्याला ताईतच म्हणत, तोंडावरसुद्धा. त्याचा त्याला राग येत नसे. राग यायचा तो भलत्याच गोष्टींचा.

डोंबिवलीच्या खाडीकडे जिथे आमचं शेत होतं, तिथे आता आमचीच बिल्डिंग आहे. तिच्या पहिल्या मजल्यावर तो भाड्याने राहायचा. एकटा, शिकलेला, पन्नाशी उलटलेला. लोकांनी टाकून दिलेले कम्प्युटर उचलून आणायचा, त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम घालायचा आणि चालते करून ज्याला हवा त्याला द्यायचा. तसाच एक आमच्या घरात आला. मी चौथी शिकलेली. मला त्यातलं कळत नसे, पण तो काम करताना मी बघत बसायचे.

कधीकधी असा कम्प्युटर चालूच व्हायचा नाही. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. घरातले म्हणायचे, मेला. ताईत खेकसायचा, "मेला नाही! उठायचं कसं ते सांगणारा एक बारका भाग असतो सुरुवातीला, तेवढा बिघडलाय. आतला माल शाबूत आहे. तुम्ही फक्त हात लावू नका." मग गळ्यातला दोरा काढून पेनड्राइव्ह खुपसायचा, त्याच्यावरून कम्प्युटर चालू करायचा आणि चार ओळी टाइप करून तो भाग पुन्हा बसवायचा. झालं की एकच शब्द, "उठला." मग चहा.

"मला पण शिकवा ना," सून एकदा म्हणाली.

"शिकवण्यापेक्षा करणं सोपं," तो म्हणाला. असा माणूस. शेवटपर्यंत कुणाला शिकवलं नाही.

माझी थोरली जाऊ धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून मांडवापर्यंत प्रत्येक विधीला धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, लागतो, आणि थोरलीला ते सगळे तोंडपाठ. गाणं पुढे नेणारी ती, मी तिच्यामागे ओढणारी; मला माझ्या वाट्याच्याच ओळी येत. सुनांना शिकायचं नव्हतं. ताईताने एका हळदीत तिला ऐकलं आणि माझ्या मागेच लागला. "काकू, हे साठवून ठेवायला हवं."

थोरलीने अट घातली, "माजा आवाज परक्याचे घरा जायाचा नाय."

"नाही जाणार," तो म्हणाला.

तो सगळा उन्हाळा ती आमच्या कम्प्युटरसमोर पाटावर बसून गायली. मध्येच कुत्रं भुंकलं की ताईत कुत्र्यावर ओरडायचा आणि थोरली त्याच्यावर, "त्याला कशाला बोलतंस? त्याचे दारातच बसलंस ना तू?" गाणी आमच्याच घरात राहिली, त्याच कम्प्युटरमध्ये त्यांच्यासाठी वेगळी जागा करून त्याने ठेवलेली. त्याने स्वतःकडे एक नेलं नाही. पावसाळा सरता सरता थोरली गेली.

पुढे माझ्या मुलाला नातवासाठी ती पहिल्या मजल्यावरची खोली हवी झाली. ताईताला खोली सोडायला सांगितलं. तो टिटवाळ्याला गेला. जाताना मला बजावून गेला, "बंद पडला तर हात लावू नका. मला हाक मारा."

नातवाला खेळ खेळायचे होते. त्याने त्याच कम्प्युटरमध्ये दुसरी सिस्टिम घातली आणि लिनक्स उठेना. धवले दिसेनात. मी म्हटलं, ताईताला फोन लाव. मुलगा म्हणाला, "कशाला? खोली सोडताना तोंड वाकडं करून गेलाय तो." मग धवल्यांच्या जागेबद्दल नव्या सिस्टिमने विचारलं, ही जागा वाचता येत नाही, पुसून नवी करू का? नातू हो म्हणाला. त्या जागेत त्याने खेळ भरले.

शेवटी शेजारणीच्या फोनवरून मीच ताईताला बोलावलं. तो आला, पाणीसुद्धा न पिता बसला. पेनड्राइव्ह लावला, ओळी टाइप केल्या. लिनक्स चालू झाला, तेच जुनं निळं चित्र आलं. थोरलीच्या नावाचा फोल्डर होता तिथेच होता. त्याने उघडला. रिकामा. या वेळी तो "उठला" म्हणाला नाही.

"कुणी दाबलं?"

"अंकल, कम्प्युटरनेच विचारलं," नातू म्हणाला. "मी फक्त हो केलं."

"विचारलं म्हणून हो करायचं? तेव्हाच मला बोलावलं असतंत तर दहा मिनिटांचं काम होतं रे!"

"मग रिकव्हर करा ना."

"वरून खेळ भरलेस. खाली आता काही उरलं नाही."

मी विचारलं, "तुजेकडं तरी असंल ना रं? एक तरी?"

"शब्द दिला होता, काकू."

"शब्द गेला चुलीत," मी म्हटलं. "मना थोरली पायजे होती."

तो चहा न घेता गेला. मीही थांबवलं नाही. परक्याने शब्द पाळला आणि तिचा आवाज तिच्याच घरात पुसला गेला, यात राग कुणावर काढायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तोही नंतर टिटवाळ्यातच वारला. गळ्यातल्या दोऱ्याचं काय झालं, कुणी विचारलं नसेल.

हळदीला मला अजून बोलावतात. डीजेवाला वायरी जोडत असतो तेवढ्यात मी धवला धरते. माझ्या ओळी म्हणते आणि जिथून थोरली पुढे न्यायची तिथे थांबते. बायका हळदीची वाटी घेऊन उठतात. त्यांना वाटतं, धवला तेवढाच आहे.