पिवळा चिमटा

सिरिल रेबोल्डला विकत आणलेली वस्तू सहन होत नसे. दुकानातून साधं कुलूप आणलं तरी आधी तो ते खोलायचा, आत कारखानदाराने कुठे कुठे चोरी केली आहे ते बायकोला दाखवायचा, आणि परत जोडताना आतला एखादा तुकडा काढून स्वतः घडवलेला घालायचा. मगच ते कुलूप घराला लागायचं. लोक म्हणतात, हाताला छंद असला की माणूस मऊ होतो. कुणी सांगितलं हे त्यांना? सिरिलचे हात लोण्यासारखे चालत आणि जीभ कानशीसारखी.

पंचेचाळीस वर्षं त्याने इंग्लंडातल्या क्रॅडली हीथच्या एकाच कारखान्यात प्रेसचे डाय, म्हणजे पत्रा दाबायचे पोलादी साचे, घडवले. एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत कारखान्याच्या गेटवर बारा नावांची यादी लागली. उद्यापासून यायचं नाही अशा बारा माणसांची. सहावं नाव सिरिलचं होतं आणि खाली सही फोरमन नॉर्मन ट्रोमन्सची होती. हा नॉर्मन कुणी परका नव्हता. दोघांनी पंधराव्या वर्षी एकाच बेंचवर उमेदवारी केली होती, एकाच डब्यातले डुकराची चरबी लावलेले पाव खाल्ले होते. पण यादी लागली त्या दिवशी नॉर्मन ऑफिसातून बाहेर आला नाही. नंतर बाजारात भेटला तेव्हा दुकानाच्या काचेत बघत उभा राहिला. एक शब्द बोलला असता तर पुढचं काही झालं नसतं, असं सिरिलची बायको हिल्डा म्हणायची. मला तसं वाटत नाही. सिरिल त्या शब्दाचंही माप घेत बसला असता.

पुढच्या उन्हाळ्यात सिरिल आणि हिल्डा खरेदी करून परतत होते. रेल्वेच्या बंद मालधक्क्यावर दहा-बारा म्हातारे जमले होते आणि समोर जुन्या टायरांच्या रांगांमधून तीन-तीन फुटी गाड्या भणाणत पळत होत्या. पेट्रोलवर चालणाऱ्या, रिमोटच्या. मधोमध नॉर्मन, गळ्यात रिमोट अडकवून. निवृत्तीनंतर तो त्या क्लबचा सेक्रेटरी झाला होता.

"काय रेबोल्ड, कशी आहे?" नॉर्मन ओरडला. "मी बनवली!"

सिरिल जवळ गेला, वाकला, गाडी उलटी करून पाहिली. "जर्मन आहे ही. खोक्यातून आलेली. चार स्क्रू पिळले म्हणजे बनवली होय?"

"मग तू बनवून दाखव."

झालं. सिरिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरापर्यंत तो हिल्डाशी एक अवाक्षर बोलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातल्या शेडमधून करवतीचा आवाज यायला लागला.

तीन वर्षं तो आवाज चालू होता. गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून हाताने कापला. इंजिन एका मोडक्या साखळी-करवतीचं, पण सिरिलने त्याचा दट्ट्याही नवा घडवला, कारण जुना 'कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत बनवलेला' होता. मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचे दाते हाताने फिरवायच्या गिरमिटातले घेऊन पाहिले, नापसंत केले आणि नवे कापले. पहिले आठ सेट भंगारात गेले. वरचं कवच वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून काढलं. साडेतीन फूट लांब, तेरा किलो वजन. फक्त रिमोट तेवढा विकत आणावा लागला. ते त्याला इतकं लागलं की दोन आठवडे त्याने तो पुडक्यातून बाहेर काढला नाही.

"तो ट्रोमन्स मेला तर काय करशील रे?" हिल्डाने एकदा विचारलं. टेबलावर मटारची थाळी गार होत होती आणि हा बोटाने दाते मोजत होता.

"मरणार नाही. मी पूर्ण केल्याशिवाय नाही मरणार तो. तेवढा हलकट आहे."

"तीन वर्षांत तू माझ्याशी जेवढा बोललास ना, त्याच्या दुप्पट त्याच्याशी बोललायस. तेही तो इथे नसताना."

सिरिलने मटारचा घास घेतला. दाते अठराच होते, एकोणीस हवे होते.

गाडी पूर्ण होत आली, सिरिलने क्लबची वर्गणी भरून नावाचा बिल्ला घेतला, आणि नॉर्मनने क्लबच्या सभेत ठराव मांडला: घरी बनवलेल्या गाड्या धोकादायक, पुढच्या वर्षापासून बंद. अख्ख्या क्लबात घरी बनवलेली गाडी एकच होती, त्यामुळे ठराव कुणासाठी होता ते सांगायला नको. अध्यक्ष होता म्हातारा जो सिडवे, सगळ्यांशी गोड राहणारा माणूस. त्याने मधला मार्ग काढला. ऑगस्टच्या सुट्टीच्या सोमवारी रेबोल्डने सगळ्यांसमोर वीस मिनिटं गाडी चालवून दाखवायची. ताब्यात राहिली तर ठराव मागे. नाहीतर गाडी घरी, कायमची.

वीस मिनिटं. सिरिलला त्या तीन वर्षांत दुसरं काही नको होतं.

आता त्या क्लबाचा एक रिवाज होता, आणि तो देवळातल्या सोवळ्यापेक्षा कडक होता. त्या काळी रिमोटच्या लहरी सहाच, प्रत्येकीला एक रंग. एका रंगाचे दोन रिमोट एकदम चालू झाले की गाडीला दोन मालक होतात, आणि जो गाडीच्या जवळ, त्याचं ती ऐकते. म्हणून मालधक्क्यावरच्या क्लबच्या झोपडीच्या भिंतीवर एक फळी होती. फळीवर सहा रंगांचे सहा लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे असतात तसले. ज्याला रिमोट चालू करायचा त्याने आपल्या रंगाचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा आणि त्याच्या जागी आपल्या नावाचा बिल्ला अडकवायचा. चिमटा जागेवर नसेल तर गप्प थांबायचं. विनाचिमट्याचा रिमोट चालू केला तर बिल्ला काढून घेत. मग परत दारात पाय ठेवायचा नाही.

हा रिवाज सिरिलइतका कुणी पाळला नसेल. तो शेडमध्ये एकटा असतानासुद्धा चिमट्याशिवाय रिमोट चालू करत नसे. पण हिल्डाचे लाकडी चिमटे त्याला गचाळ वाटत. म्हणून त्याने स्वतःचा एक घडवला होता, पितळेचा, पोलादी स्प्रिंगचा, आणि त्याच्या लहरीचा पिवळा रंग दिलेला. आधी चिमटा, मग बटण. रोज, दिवसातून दहादा. हाताला तशी सवयच झाली होती. आणि नॉर्मनचाही रंग पिवळाच होता.

सोमवारी हिल्डा पहिल्यांदाच क्लबात आली. चीज-कांद्याचे सँडविच, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन. झोपडीलगतच्या शेवटच्या वळणावर, टायरांच्या मागे ती बसली. "तीन वर्षं जिने माझा संसार खाल्ला ती कशी पळते ते बघू दे तरी," ती म्हणाली.

सिरिलने गाडी झोपडीमागच्या लाकडी घोडीवर ठेवली, चाकं अधांतरी. लोक येऊन बघून जात होते. एकाने दात्यांवरून बोट फिरवलं आणि हलकेच शीळ घातली. नॉर्मनही आला.

"छान आहे," नॉर्मन म्हणाला. "शोकेसमध्ये शोभेल."

"तुझी जर्मन बाई घरी आहे की आणलीयस?"

"आणलीय. तुझ्या आधी पाच मिनिटं फिरवून घेतो. सकाळचं दव आहे, ट्रॅक निसरडा आहे का ते बघायला. तुझ्याच भल्यासाठी."

"माझं भलं तू एकदा केलंयस. पुरे."

नॉर्मनने फळीवरचा पिवळा चिमटा काढला आणि गेला. पाचाची दहा झाली, दहाची पंधरा. झोपडीपलीकडून जर्मन गाडीचा आवाज चालूच. सिरिल गाडीपाशी दात खात उभा होता. मुद्दाम करतोय, त्याला कळत होतं. मला थांबवून ठेवायचं, हात थरथरायला लागले की मग बोलवायचं. यादी लागली त्या दिवशी गेटवर थांबवून ठेवलं तसं.

नुसतं उभं राहवेना म्हणून त्याने रिमोट उचलला. अँटेना ओढली. तिच्यावर पिवळा चिमटा होता. डोळ्यांनी पिवळा पाहिला, बोटाने बटण दाबलं. त्याने काठी डावीकडे ढकलली, पुढची चाकं डावीकडे वळली. उजवीकडे, उजवीकडे. मग पेट्रोलची झडप पूर्ण उघडते का बघायला दुसरी काठी टोकापर्यंत नेली. उघडली, अगदी शेवटपर्यंत. तो खूष झाला.

पलीकडून हिल्डाची किंकाळी आली.

जर्मन गाडी शेवटच्या वळणावर वळली नव्हती. भरवेगात सरळ येऊन टायरांवर चढली, उडाली आणि हिल्डाच्या नडगीवर आदळली. सिरिल पोचला तेव्हा हिल्डा जमिनीवर होती, खुर्ची उलटी, आणि पाय नको तिथे वाकलेला. लोक धावत होते. नॉर्मन ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, चालवणाऱ्याच्या चबुतऱ्यावरून उतरून पळत आला. चेहरा पिठासारखा पांढरा.

"ऐकेनाशीच झाली!" तो म्हणत होता. "मी थांबवत होतो आणि ती पळत होती. देवाशप्पथ, मी थांबवत होतो!"

त्याच्या अँटेनाला लाकडी पिवळा चिमटा होता. सिरिलने तो पाहिला. मग आपल्या हातातल्या रिमोटकडे पाहिलं. त्याने बटण बंद केलं, पितळी चिमटा काढला आणि मुठीत दाबला. कुणाचं लक्ष नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि इथे तर हातही त्याचा आणि अवलक्षणही त्यानेच घडवलेलं.

सिडवेने आपली व्हॅन मागवली. हिल्डाच्या पायाला दोन फळ्या बांधल्या. मग तो सिरिलकडे वळला, आणि सगळ्यांशी गोड राहणारा तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा संतापलेला दिसला.

"घरच्या गाड्या धोकादायक म्हणे! ही कुठून आली होती? रेबोल्ड, तू आत्ता लाव तुझी. घड्याळ मी धरतो. वीस मिनिटं झाली की पास, आणि तो ठराव मी स्वतः फाडतो."

"बाईंना घेऊन जायचंय ना," कुणीतरी म्हणालं.

"जा, फिरव," हिल्डा दात आवळून म्हणाली. "हे बाकीचे मला नेतील. नाहीतर जन्मभर माझ्या पायाला बोल लावशील तू."

नॉर्मन पुढे झाला. अँटेनाचा लाकडी चिमटा काढून त्याने सिरिलपुढे धरला.

"सिरिल," तो म्हणाला. तीन वर्षांत प्रथमच आडनाव सोडून. "चुकलं माझं. तुझ्या बायकोला मी... माफ कर गड्या. मी परत नाही यायचो इथे. माफ कर."

ह्या शब्दासाठी सिरिलने आठ सेट दाते भंगारात घातले होते. रात्री पडल्या पडल्या हा शब्द त्याने नॉर्मनच्या आवाजात किती वेळा म्हणवून घेतला होता. आता तो समोर होता, डोळ्यांत पाण्यासकट, आणि वर वीस मिनिटंही मिळत होती. फक्त चिमटा घ्यायचा होता. सिरिलने तो घेतला नाही.

"माफी मागायची तर गेटवरच्या यादीची माग," तो म्हणाला. "ही तुझी नाही. ही माझी आहे."

त्याने मूठ उघडली.

पितळी चिमटा सगळ्यांनी पाहिला. समजावून सांगायची गरज कुणालाच पडली नाही. सिडवेने घड्याळ खिशात टाकलं. नॉर्मनच्या चेहऱ्यावर रंग परत आला, आणि त्यापाठोपाठ आवाज.

"हरामखोरा! माझ्या गाडीने बायकोचा पाय मोडलास आणि मला रडू दिलंस?"

"दोन मिनिटं. तू मला तीन वर्षं थांबवलंस."

नॉर्मन फळीपाशी गेला. सिरिलचा बिल्ला ओढून काढला आणि त्याच्या पायाशी फेकला. "आणि यादीचं म्हणशील तर ऐक. तुझे हात सोन्याचे होते, मला माहीत होतं. पण तुझ्या शेजारच्या बेंचवर कुणी आठवडाभर टिकत नव्हतं. परत लिहायची वेळ आली तर सहावं नाही, पहिलं नाव तुझं लिहीन."

"हे तेव्हा तोंडावर सांगायचं होतंस," सिरिल म्हणाला. आवाजात राग होता, पण थोडं बरं वाटल्यासारखंही होतं. मग त्याने बिल्ला उचलला आणि व्हॅनमध्ये चढला.

मागच्या बाजूला हिल्डा आडवी होती. पुढे सिडवे गाडी हाकत होता.

"कुणाला कळलं नसतं," हिल्डा म्हणाली. "का सांगितलंस?"

"त्याने माफी मागितली ना. न केलेल्याची. ती मी कशी घेऊ?"

"हं." तिने डोळे मिटले. खड्डा आला तशी कळवळली आणि मग म्हणाली, "त्याने माफी मागितली ती तुझी. तू कबूल केलंस ते त्याच्यापाशी. पाय कुणाचा मोडलाय, सिरिल?"

सिरिलने तोंड उघडलं. शब्द एकच होता, छोटासा, नॉर्मनने मघाशी म्हटलेला. मग मान वळवून तो सिडवेला म्हणाला, "पुढच्या चौकातून डावीकडे घे. हॉस्पिटल जवळ पडतं."