कोणी उठायचं नाही

आमच्या कर्जाच्या गटाची बैठक दर गुरुवारी सकाळी माझ्याच ओसरीवर भरायची. कर्ज देणाऱ्या कंपनीचा नियम सोपा होता: एकीचा जरी हप्ता कमी पडला, तरी कोणी उठायचं नाही. कंपनीला तोंड उघडावंच लागत नसे. कमी पडणाऱ्या बाईला बाकीच्या बायाच फाडून खायच्या. फुकटची वसुली! मला या नियमाची मनापासून चीड होती.

त्या गुरुवारी माझ्या शेजारणीकडे काहीच नव्हतं. तिचा नवरा कारखान्यात कंत्राटावर होता. ठेकेदार बदलला आणि जुनी माणसं घरी बसली. ती मान खाली घालून बसली होती.

कंपनीचा वसुलीवाला घड्याळ बघत म्हणाला, "तिच्या घरी शिलाई मशीन आहे ना? तुमीच जाऊन उचलून आणा. मंग सगळ्या मोकळ्या."

दोघी खरंच उठू लागल्या. माझं डोकं फिरलं.

"बसा वं खाली!" मी ओरडले. "मशीन गेली तं ते हप्ता भरन कायनं? आज तिची, उद्या माही."

"मंग बसा," तो म्हणाला. "पैसे आल्याबिगर कोणी उठायचं नाही."

"बसतो ना. तुमी बी बसा, भाऊ. नियम तं सगळ्यायले आहे."

त्याला अजून बाकीच्या वस्त्यांत वसुलीला जायचं होतं. बसून त्याचंच नुकसान होतं, हे त्याच्या ध्यानात यायच्या आधी आमच्या ध्यानात आलं.

घरात कळमन्याच्या बाजारातून आणलेलं लाल मिरचीचं पोतं होतं. व्यापाऱ्याकडून मिरची आणायची, देठ खुडून परत द्यायची, किलोमागे पैसे घ्यायचे, हे माझं रोजचं काम. पोतं ओसरीवर ओतलं. म्हटलं, रिकामं कशाला बसायचं. आजची मजुरी शेजारणीची. सगळ्यांचे हात चालू लागले. ठसका उठला. आम्हाला सवय होती, वसुलीवाला मात्र शिंकून शिंकून लाल झाला. त्याला कोणी अडवलं नव्हतं, पण वसुली अर्धवट टाकून गेला असता तर त्याचीच नोकरी गेली असती. खोटं कशाला बोलू, मला त्याची दयाही आली. पण मी उठले नाही.

दुपारी त्याने कंपनीच्या सदरमधल्या ऑफिसात फोन लावला. साहेब आले, ठसकले, पाणी मागितलं. आम्ही दिलं.

"तुम्हाला कर्ज बुडवायचंय का?"

"नाही साहेब, फेडायचं आहे. म्हणून तं बसलो," मी म्हटलं. "नवऱ्याले काम लागेपर्यंत तिचा हप्ता अर्धा करा. आजचा या मिरचीच्या मजुरीतून, पुढचे शिवणकाम करून भरन ते. पण लिहून द्या."

बरीच कटकट झाली. शेवटी साहेबांनी लिहिलं, सही केली.

"आता तरी उठा."

शेजारीण वसुलीवाल्याकडे बोट करून दिवसभरात पहिल्यांदा बोलली. "मशीन उचला म्हणून यायनं सगळ्यायसमोर म्हटलं, साहेब. नाही उचलणार म्हणून बी यायनंच सगळ्यायसमोर म्हणावं."

वसुलीवाल्याने नाक पुसलं.

"मशीन तुमचीच आहे, ताई," तो म्हणाला. "कोणी हात लावणार नाही."

तेव्हा आम्ही उठलो. पाय असे आखडले होते, की एकमेकींना धरूनच उभं राहावं लागलं.