दाढेत चांदी भरलेली मासोळी

आधी चहा येऊ द्या. हा किस्सा कोरड्या घशानं सांगण्यासारखा नाही. माणूस कधीमधी मूर्ख ठरतोच, त्याचं काय एवढं. पण एकाच सकाळी, एकाच तळ्याकाठी, होणाऱ्या व्याह्यांसमोर, आणि तेही स्वतःच्याच धंद्यात मूर्ख ठरलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? नसेल तर नीट पाहून घ्या. समोरच बसला आहे.

मी दात बनवतो हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर नाही हं. डॉक्टर माप घेतात, ते माप इथं नागपुरात माझ्या लॅबमध्ये येतं आणि मी मेण, प्लास्टर, अॅक्रिलिक घेऊन कवळ्या करतो. अठ्ठावीस वर्षं झाली. माझे दात कोणाच्या तोंडात जातात हे मला कधी कळत नाही, डबीवर नुसता नंबर असतो. पण दात असे करतो की पाहणाऱ्यानं शपथेवर खरे म्हणावेत. सगळे दात कवायतीला उभे केल्यासारखे लावले की कवळी लगेच ओळखू येते. म्हणून मी एखादा दात जरासा फिरवून ठेवतो, एखाद्यावर जुन्या चहाचा डाग देतो. बारकावे लागतात बुवा, बारकावे. हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं आहे की 'बारकावे' म्हटलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

तर आमच्या ऋचाचं लग्न ठरत होतं. म्हणजे पोरांचं पुण्यात आधीच ठरलं होतं, आता जुळायचं होतं ते आम्हा बापांचं. मुलाचे वडील देवरावजी, भंडाऱ्याकडचे, धानाची शेती. उंचपुरा माणूस आणि बोलणं मोजून. ऋचानं मला आधीच बसवून सांगितलं.

"बाबा, त्यांच्यासमोर काही वाढवून सांगू नका. त्यांना खोटं चालत नाही. मोठ्या मुलीचं ठरलेलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण समोरच्यांनी भाड्याच्या घराले स्वतःचं म्हटलं होतं."

"मी कशाले खोटं बोलतो?" मी म्हटलं.

बायको, सुनंदा, स्वयंपाकघरातून नुसती खाकरली.

पाहुणे आले. पोहे आले, वर तर्री आली. आणि मग जी शांतता पसरली, ती मला सोसेना. चमचे वाजत होते तेवढेच. देवरावजी पोहे खात होते आणि माझं लक्ष सवयीनं त्यांच्या तोंडाकडे गेलं. काय दात होते म्हणता! वरचे पुढचे चार तर पाहत राहावे असे. मला राहवलं नाही.

"याले म्हणतात निसर्गाचं काम," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "अठ्ठावीस वर्षं झाली मले या धंद्यात. पण असे दात माणसाच्या हातानं होत नाहीत."

देवरावजींनी तोंड मिटून घेतलं. त्यांच्या मिसेस पोह्यांत कढीपत्ता शोधू लागल्या. मला वाटलं, काय हा विनय!

मग देवरावजी आपणहून पहिलं वाक्य बोलले. "आपल्याले शौक एकच. सुटीच्या दिवशी तळ्यावर जाऊन मरळ पकडणं."

मरळ म्हणजे काळपट, सापाच्या तोंडाची मासोळी, लहान मासे आणि बेडूक गिळणारी. मी तिला फक्त ताटात भेटलो होतो. पण माझ्या तोंडून काय बाहेर पडावं?

"अरे वा, मलेही तोच शौक."

सुनंदाच्या हातातली बशी कलली. ऋचानं डोळे मिटले.

देवरावजींचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला. "कशानं पकडता? गांडूळ?"

"छे. खोटी मासोळी लावतो गळाले. स्वतःच बनवतो." असा एक व्हिडिओ मी लॅबमध्ये डबा खाताना पाहिला होता, तेवढंच भांडवल.

"मग पाहावंच लागते," देवरावजी म्हणाले. "पुढच्या महिन्यात साक्षगंध संध्याकाळी आहे ना? त्या दिवशी मी सकाळीच येतो. दोघं जाऊ."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. पाहुणे गेल्यावर ऋचा माझ्याशी बोलली नाही. सुनंदा मात्र बोलली.

"तुमाले बादलीतला मगा पकडता येत नाही, मासोळी काय पकडाल? आत्ताच्या आत्ता फोन करून सांगा त्याईले, चुकून बोललो म्हणून."

"अन् त्यायनं साक्षगंध मोडलं तर?"

यावर ती कपबशा उचलून आत गेली. पोरीचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. आता सुटायचा रस्ता एकच होता. मासोळी तर पकडायलाच पाहिजे. आणि गळ टाकता येत नसला तरी माझ्याकडे एक गोष्ट होती, जी जगातल्या कोणत्याच कोळ्याकडे नव्हती. बारकावे!

मी तीन आठवडे त्या मासोळीवर घालवले. मेणात बोटाएवढी मासोळी कोरली, प्लास्टरचा साचा केला, अॅक्रिलिक ओतलं. एकेक खवला टोकदार हत्यारानं कोरला. अंगावरची बारीक रेघ दोनच केसांच्या ब्रशनं ओढली. डोळ्यात बुबुळ, बुबुळात चमक. कल्ल्यांना आतून हिरड्यांचा गुलाबी रंग, तो तर लॅबमध्ये डब्यानं पडलेला असतो. गांधीबागेजवळच्या एका दुकानातून तीन काट्यांचा गळ आणला आणि पोटाखाली अडकवला. मग तिचं तोंड जरासं उघडं ठेवलं, म्हणजे श्वास घेते आहे असं वाटावं.

इथंच घात झाला. रिकामं तोंड मला पाहवत नाही हो. अठ्ठावीस वर्षांची सवय. माझ्या हातानं आपोआप तिच्या तोंडात दात बसवले. पुढं चार, मागं दाढा. आणि एका दाढेत, खरं वाटावं म्हणून, चांदी भरली.

सुनंदानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "तुमच्या तात्यायसारखी दिसून राहिली हसताना," म्हणाली, म्हणजे माझ्या वडलांसारखी, आणि परत दिली.

साक्षगंधाच्या दिवशी देवरावजी सकाळी आठलाच आमच्या प्रताप नगरच्या घरी हजर. सुनंदानं दारात हळूच विचारलं, "आजच्या दिवशी काहून पाण्याकाठी जाता?" पण आता काय उपयोग? आम्ही निघालो. हुडकेश्वरच्या पुढं माझ्या मावसभावाचं, बंडूचं, शेत आहे आणि शेतात जुनं तळं आहे. बंडूला मी फोनवर बजावून ठेवलं होतं की मी दर रविवारी इथं येतो, एवढंच लक्षात ठेव. तो काठावर उभाच होता.

"या दादा," तो मोठ्यानं म्हणाला. "मागच्या रविवारी आले होते, तसेच या."

मी उसनी आणलेली गळाची काठी घेतली, खांद्यावरून मागं नेली आणि व्हिडिओतल्यासारखी फेकली. दोरा सुंई करत गेला आणि मासोळी मागच्या बाभळीत अडकली.

देवरावजींनी वर पाहिलं. "तिकडची मासोळी मोठी राहते का?"

"वारा होता," मी म्हणालो. पान हलत नव्हतं.

बंडूनं झाडावर चढून ती काढली. दुसऱ्या फेकीत त्याच्याच सदऱ्याची बाही अडकली. तिसऱ्यांदा ती पाण्यात पडली आणि मला इतका आनंद झाला की मासा लागायचा असतो हेच विसरलो. मी ओढत राहिलो, टाकत राहिलो. तासभर झाला. एकही मरळ जवळ फिरकली नाही.

देवरावजींनी मग आपल्या पिशवीतून काय काढलं माहीत आहे? हवाई चपलेचा तुकडा. खरंच सांगतो. झिजलेल्या रबराचा अंगठ्याएवढा तुकडा, त्याला गळ, मागं लाल दोऱ्याचा झुबका. डोळा नाही, खवला नाही, काही नाही. पाणवनस्पतीच्या कडेला त्यांनी तो टाकला आणि टुकटुक ओढत आणला. पाणी खळकन हललं आणि हातभर मरळ बाहेर! पाच मिनिटांत दुसरी. साक्षगंधाच्या दिवशी घरी नेता येत नव्हत्या, म्हणून दोन्ही बंडूला दिल्या. बंडू एव्हाना पूर्ण त्यांच्या बाजूला गेला होता.

"ते तर चपलेसारखंही दिसत नाही," मी जरा दुखावूनच म्हणालो.

"मासोळी खवले मोजत नाही, व्याहीबुवा," देवरावजी म्हणाले. "गढूळ पाण्यात तिले काय दिसते? काहीतरी हललं, जीव घेऊन पळून राहिलं, एवढं वाटलं की ते तोंड मारते. बाकी कलाकुसर घेणाऱ्या माणसासाठी राहते, मासोळीसाठी नाही. पाहू द्या बरं तुमची."

मी दिली. त्यांनी चष्मा लावला. खवल्यांवरून बोट फिरवलं, डोळा पाहिला, मान हलवली. "हात आहे बुवा तुमच्यात," असं म्हणाले. माझी छाती फुगली. मग त्यांनी ती उन्हात धरली आणि तोंडात डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"दात."

"मासोळीले?"

मी मान डोलावली.

"अन् हे मागं चमकून राहिलं ते?"

"चांदी," मी म्हणालो. "दाढ किडली तर भरतात ना, ती."

देवरावजी आधी नुसते पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग तो अबोल माणूस असा काही हसत सुटला की बगळे उडाले. गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, पाण्याकडे तोंड करून हसत होते. आणि डुबुक असा आवाज आला.

मला वाटलं बेडूक. पण देवरावजी तोंडावर हात धरून उभे होते आणि हसणं बंद झालं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"दात पडले," ते हाताआडून बोलले. प्रत्येक अक्षरातून हवा जात होती.

"कोणाचे?"

त्यांनी हात बाजूला केला. निसर्गाचं ते काम, वरचे पुढचे चार, जागेवर नव्हतं.

संध्याकाळी पाचला साक्षगंध, दीडशे माणसं, फोटो, आणि मुलाच्या बापाचं समोरचं फाटक उघडं. कशामुळं? माझ्या मासोळीमुळं. बंडू पाण्यात उतरायला निघाला, तर देवरावजींनी त्याला दंडाला धरून थांबवलं. पाय पडला की कवळी चिखलात जाणार. मग मी काठी उचलली. तीन काट्यांचा गळ होता ना पोटाखाली! कवळी पडली तिथं मासोळी सोडली आणि तळाशी घासत ओढू लागलो. एकदा शेवाळ आलं. एकदा गुटख्याची पुडी आली. मी मनातल्या मनात टेकडीच्या गणपतीला नारळ बोलत होतो. सातव्यांदा दोरा जड लागला.

वर आली ती चिखलानं माखलेली, चार दातांची कवळी. तिची तार गळाच्या काट्यात अडकली होती. आयुष्यातली माझी पहिली शिकार.

बाटलीतल्या पाण्यानं मी ती धुतली. आणि धुताधुता हात थांबला. डावीकडचा दुसरा दात जरासा फिरवलेला होता. त्याच्या कडेला चहाचा फिकट डाग. मागं तारेला जो वाक दिला होता, तसा वाक अख्ख्या नागपुरात एकच माणूस देतो.

"ही माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची कशी?" बंडू म्हणाला. "दात तर त्याईचे आहेत ना."

देवरावजी खाली मान घालून उभे होते. ते दात त्यांनी दोन वर्षांपूर्वी नागपूरच्याच एका डॉक्टरांकडं बसवले होते. "त्या दिवशी सांगणारच होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही एवढे कौतुकानं बोलून राहिले होते. दातांतले जाणकार तुम्ही, अन् माझ्या तोंडात बनावट दात. मी काय बोलू?"

मग मीही सांगून टाकलं. "देवरावजी, मी आज पहिल्यांदा गळ धरला. खोटं बोललो तुमच्याशी. पोरीनं बजावलं होतं, तरी बोललो. तिची यात काही चूक नाही."

त्यांनी चपलेचा तुकडा पुसला आणि पिशवीत ठेवला.

"बाभळीत गळ गेला तेव्हाच समजलं मले," ते शेवटी म्हणाले. "गळ टाकता येत नाही हे तुम्ही लपवलं, मी दात लपवले. फिट्टंफाट. पण ते पडले काहून?"

मी कवळीकडं पाहिलं. तार ढिली झाली होती. म्हणजे तिथंही कारागीर मीच.

तिथून आम्ही थेट लॅबमध्ये गेलो. मी तार आवळली, कवळी घासून साफ केली, पॉलिश केली आणि पहिल्यांदाच माझे दात माझ्या हातानं कोणाच्या तरी तोंडात बसवले. संध्याकाळच्या एकूण एक फोटोत देवरावजी हसत आहेत. ऋचाला अजून वाटतं की आमचं तळ्यावर फार छान जमलं. जमलंच होतं म्हणा.

सुनंदाला मात्र सगळं सांगावं लागलं. "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याले फसवायले दात बनवले," ती म्हणाली, "अन् फसले कोण?"

ती मासोळी देवरावजींनी मागून नेली. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात आहे. घरी येणारा प्रत्येक जण तिच्या तोंडात डोकावतो आणि विचारतो, हिनं कधी काही पकडलं का?

"हिनं माझे दात पकडले," देवरावजी सांगतात, "अन् माझ्या दातांनी हिच्या मालकाले पकडलं. चांगला बहात्तर किलोचा."

हे मात्र साफ खोटं आहे. परवाच काट्यावर उभा राहिलो होतो. शहात्तर भरलो.